डाव्या हाताचं करायचं काय?

लुशस गॅडिसची बायको घर सोडून बहिणीकडे जाऊन राहिली, त्याला महिना होत आला होता. जाताना अर्लीन भांडली नाही की रडली नाही. आरशासमोर उभी राहून तिने टोपी नीट बसवली, पिन खोचली आणि म्हणाली, "लुशस, लग्न झाल्यापासून तुझ्या पियानोशेजारच्या खुर्चीत बसून मी दुसऱ्या बायकांचे कोट सांभाळत आलेय. त्या नाचतात, मी कोट धरते. आता पुरे झालं." आणि गेली.

आता यावर शहाण्या माणसाने काय करावं? मागोमाग जावं, माफी मागावी, निदान तिच्या हातातली पेटी तरी ओढून ठेवावी. पण लुशसला शहाणा म्हणणारी अख्ख्या फिलाडेल्फियात एकच बाई होती, त्याची आई, आणि ती बिचारी केव्हाच देवाघरी गेली होती. दिवसा तो टपालखात्यात पत्रं निवडायचा, सुटीच्या दिवशी जाझ वाजवायचा आणि जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर पियानो हेच औषध, असं त्याचं ठाम मत होतं. दार बंद झालं तसा हा पठ्ठ्या तडक पियानोपाशी जाऊन बसला आणि त्याने बायकोसाठी एक वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने नाचायची तीन मात्रांची धून, रचायला घेतला. पियानो आणि बास, दोघांपुरता.

चाल बसल्या बैठकीला सुचली. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन करत चालणारी, कुणी भांडी विसळता विसळता गुणगुणावी इतकी साधी. खरं म्हणजे इथेच थांबायचं. पण लुशसच्या मनात आलं, एवढ्या वर्षांचा संसार आणि चाल एवढीशीच? बाई म्हणेल, माझी हीच किंमत केलीस का? म्हणून त्याने चालीखाली कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे तीन-चार सूर, लावायला सुरुवात केली. एकाखाली एक, त्याच्या पोटात आणखी एक. मीठ कमी पडेल या भीतीने माणूस चिमूट चिमूट टाकत राहतो ना, तसं त्याचं चाललं होतं. शेवटी चाल वरून कशीबशी नाक बाहेर काढून श्वास घेत होती आणि लुशस स्वतःवरच खूश होता.

खूश नव्हता तो होझिया लाइल्स. होझिया म्हणजे त्याचा बासवाला. पुरुषभर उंचीचं ते थोरलं लाकडी वाद्य छातीशी धरून तो लुशसच्या शेजारी इतकी वर्षं उभा होता, की लोक दोघांची नावं एका दमात घ्यायचे. पोटासाठी होझिया मयताची गाडी चालवायचा. बास दुसऱ्या कुठल्या गाडीत मावत नसल्यामुळे तोही त्याच गाडीतून फिरायचा. होझिया कार्यक्रमाला निघाला की नाक्यावरची माणसं टोप्या काढून उभी राहायची. होझियाही गंभीरपणे मान लववायचा.

"थांब, थांब," तो त्या दिवशी तालमीत म्हणाला. "लुशस, तुझा डावा हात काय करतोय?"

"हार्मनी धरतोय. दिसत नाही?"

"हार्मनी नाही, तो माझ्या जागेवर येऊन बसलाय. खालचा सूर धरायचा म्हणून मी इथे उभा आहे. मी धरायला जातो तर तिथे तू आधीच पाय पसरून बसलेला. एका म्यानात दोन तलवारी राहतात का रे?"

"तुला कळत नाही. ही हार्मनी श्रीमंत आहे."

"श्रीमंत असेल, पण तिच्या घरात सामान इतकं झालंय की दार उघडत नाही. हे ऐक." होझियाने चालीतला एक सूर तोंडाने धरला आणि खाली बासवर एक तार छेडली. "हे खाली असलं की तुझा सूर हसतो." मग दुसरी तार. "हे असलं की रडतो. सूर तोच, कळलं? आणि तू डाव्या हाताने मध्येच भलतं काही खुपसलंस की त्या बिचाऱ्याला कळतच नाही, हसायचंय की रडायचंय."

लुशसला ते पटलं. म्हणूनच तो चिडला. "तुझ्यासाठी नाही लिहिलेला हा वॉल्ट्झ. अर्लीनसाठी लिहिलाय."

"मग तिला एकदा विचार तरी, तिला काय हवंय! की तेही पियानोलाच विचारणार आहेस?"

असा टोमणा बसल्यावर माणूस काय करणार? त्याच संध्याकाळी दोघं अर्लीनच्या बहिणीकडे, व्हर्नेलकडे गेले. ट्रामने जायचं सोडून हे गेले होझियाच्या गाडीतून, कारण होझिया दफन उरकून नुकताच परतला होता आणि अंगावर काळा कोटही होता, म्हणजे कपडे बदलायलाही नको. व्हर्नेलच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांसमोर मयताची गाडी थांबली. काळ्या कोटातला होझिया उतरला, मागोमाग चेहरा पाडलेला लुशस उतरला. समोरच्या खिडकीतला पडदा हलला. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

आत व्हर्नेलने कॉफी ओतायला घेतली तोच दारावर थाप पडली. दारात समोरच्या मिसेस टॉलिव्हर उभ्या होत्या. डोळे पाणावलेले, हातात मयताच्या घरी नेतात तसा लोण्याचा मोठा केक, मागे त्यांची सून उकडलेल्या हॅमचं ताट घेऊन.

"देवाची मर्जी, बाळ," एवढं बोलून मिसेस टॉलिव्हरनी वर पाहिलं आणि किंचाळल्याच. "अगं बाई! व्हर्नेल, तू जिवंत?"

"म्हणजे? सकाळीच तर बोललो आपण!"

"मग गेलं कोण?"

"कुणी नाही गेलं."

मिसेस टॉलिव्हरनी गाडीकडे पाहिलं, व्हर्नेलकडे पाहिलं, आणि मग केककडे. त्यांचं दुःख ओसरलं आणि त्या जागी हिशेबी विचार आला. "तसं असेल तर केक मी घेऊन जाते. उद्या आमच्याकडे पाहुणे आहेत."

"दारात आलेला केक परत नेतात होय, सिस्टर टॉलिव्हर?" व्हर्नेल म्हणाली. दोघी एकाच चर्चच्या, म्हणून 'सिस्टर'.

"तू मेली नाहीस ना! मग कसला केक?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. अर्लीन ओट्याला टेकून हसत होती, हातातला पुसायचा कपडा तोंडाला लावून, खांदे हलवत. लुशसने ते हसणं कितीतरी दिवसांनी ऐकलं. घरातली सगळी भांडी, पडदे, तो रिकामा पलंग त्याच्या डोळ्यांसमोरून गेला. त्याच क्षणी त्याने म्हणायचं ना, बाई गं, घरी चल! पण नाही.

"मी तुझ्यासाठी एक वॉल्ट्झ लिहिलाय," तो म्हणाला.

अर्लीनचं हसू मावळलं. "बरं."

"शनिवारी दुपारी आपल्या मंडळाच्या लॉजच्या हॉलमध्ये भगिनी क्लबचा नाच आहे, तिथे वाजवणार आहे. तू ऐकायला ये."

"ऐकायला नाही येणार," अर्लीन म्हणाली. "ऐकून ऐकून कान किटले माझे. आले तर नाचायला येईन. मिस्टर ब्रॉडनॅक्सनी विचारलंय."

कॉर्नेलियस ब्रॉडनॅक्स! विमा विकणारा विधुर, दोन रंगांचे बूट, केस चापूनचोपून बसवलेले. तो नाचायला उतरला की बायका नवऱ्यांकडे रागाने बघायच्या.

"आणि त्यानंतर?" लुशसने विचारलं.

"त्यानंतर ठरवीन," अर्लीन म्हणाली. "तुझ्याकडे यायचं, की इथेच राहून व्हर्नेलच्या टोप्यांच्या दुकानात बसायचं. एक दिवस मनासारखं नाचू दे मला, मग डोकं चालेल." आणि ती आत गेली. केक मात्र व्हर्नेलने ठेवून घेतला होता.

परतताना होझिया म्हणाला, "ऐकलंस ना? तिला नाचायचंय. आता तरी त्या वॉल्ट्झमधलं सामान बाहेर काढ."

"काढतो," लुशस म्हणाला, आणि घरी जाऊन त्याने नेमकं उलटं केलं. माणसाच्या डोक्यात मत्सर शिरला की तिथे दुसऱ्या कशाला थारा नाही. माझ्या चालीवर, माझ्या बायकोला घेऊन तो चकचकीत बूटवाला नाचणार? बघतोच कसा नाचतो ते! त्याने सम अशी लपवली की पोलिसांनाही सापडू नये. जिथे 'एक' यायचा तिथे डावा हात गप्प, आणि भलत्याच ठिकाणी धाडकन कॉर्ड. तिनाचे दोन वाटावेत, दोनाचे पाच वाटावेत. असल्या खोड्या म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा मळ होता.

शनिवारी दुपारी हॉल भरला. टेबलाटेबलावर घरून आणलेली तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, कागदी पिशवीत लपवलेल्या बाटल्या. बर्फ तेवढा लॉजचा. ड्रमवाला नव्हता, कारण क्लबच्या अध्यक्षीणबाईंचं आणि त्याचं जुनं वाकडं होतं. अर्लीन हिरव्या झग्यात आली आणि ब्रॉडनॅक्सबरोबर एकामागून एक नाच नाचली. लुशस मान वळवून वळवून बघत होता आणि त्या नादात पट्ट्या चुकत होता.

"समोर बघ," होझिया पुटपुटला. "मान मोडेल."

मग लुशस उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आता एक नवा वॉल्ट्झ. एका बाईसाठी लिहिलाय." सगळ्या हॉलने अर्लीनकडे पाहिलं. फिलाडेल्फियातल्या या भागात कुणाची बायको कुठे राहते, हे वर्तमानपत्राआधी कळतं. ब्रॉडनॅक्सने अदबीने हात पुढे केला आणि अर्लीन उभी राहिली.

पहिल्या चार पावलांत काही झालं नाही. मग लुशसचा डावा हात सुटला.

काय सांगावं! एका मिनिटात नाचाचा बाजार झाला. जोड्या एकमेकींवर आदळल्या. चर्चमधल्या वाद्यवृंदाचा पुढारी बायकोला घेऊन थेट सॅलडच्या टेबलापर्यंत गेला. एक म्हातारबाबा जागच्या जागी उभे राहून पायांकडे बघत होते, की हे माझेच का. "अहो, एक कुठाय, एक?" कुणीतरी ओरडलं. होझिया घामाघूम होऊन खाली समेचा खुंटा ठोकत होता आणि लुशस वरून तो उपटून टाकत होता. आणि ब्रॉडनॅक्सने, ज्याचं पाऊल उभ्या जन्मात चुकलं नव्हतं त्याने, अर्लीनच्या पायावर बुटासकट पाय दिला. लुशसला असा आनंद झाला, असा आनंद झाला की विचारू नका.

तेवढ्यात अर्लीनचा आवाज त्याच्या कानांवर आला. "नाही नाही, मिस्टर ब्रॉडनॅक्स, चूक माझीच. किती वर्षं झाली नाचले नाही. विसरलेच बहुतेक मी. आता नाही जमायचं मला." ती लंगडत पियानोच्या दिशेने आली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. खुर्चीवर कुणाचा तरी कोट होता. तो तिने मुकाट्याने उचलून मांडीवर घेतला.

लुशसचा आनंद तिथल्या तिथे मेला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की पट्ट्यांवरची बोटं थंड पडली.

"बासचा सोलो!" होझिया मोठ्याने गरजला. "पियानो गप्प!"

बासवाला एकटा वाजवत असताना पियानोने बाजूला व्हायचं, हा त्यांच्या धंद्यातला रिवाज. आजवर लुशसने तो कधी पाळला नव्हता. होझिया एकटा वाजवू लागला की याचा हात मध्ये काहीतरी टोचायचाच. आज मात्र त्याने दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. डावा हात वळवळत होता, म्हणून तो उजव्याने धरून ठेवला.

होझियाने चाल वाजवली. नुसती चाल. खाली एक, मग दोन-तीन, पुन्हा एक. त्या जाड तारांवर ती चाल आजोबांनी बसल्या बसल्या गुणगुणावी तशी निघाली, आणि खालचा सूर कधी हसत होता, कधी डोळे पुसत होता. कॉर्ड कुणी वाजवत नव्हतं, तरी ते सगळे जागच्या जागी ऐकू येत होते. लुशस आ वासून ऐकत राहिला. हे मी लिहिलंय? मग इतके दिवस मी यावर काय ओझं लादत होतो?

हॉलमधल्या जोड्यांना पाय सापडले. म्हातारबाबाही हलले. लुशसने खुर्चीकडे पाहिलं. अर्लीन कोटावर हाताची घडी घालून बसली होती आणि तिचा दुखरा पाय जमिनीवर हळूच ठेका धरत होता.

लुशस उठला. गाणं चालू असताना पियानोवाला स्टूल सोडून उठला, असं त्या हॉलने कधी पाहिलं नव्हतं. होझियाचे डोळे एवढाले झाले, पण त्याने तार सोडली नाही.

"ऊठ," लुशस अर्लीनला म्हणाला.

"कुठे?"

"नाचू."

"तुला येतं?"

"नाही."

"मग झालंच. मलाही येईनासं झालंय."

"तुला येतं," लुशस म्हणाला. "तुझा पाय नाही चुकला, अर्लीन. मी सम लपवली होती. मुद्दाम. त्या ब्रॉडनॅक्सची फजिती व्हावी म्हणून."

अर्लीन त्याच्याकडे बघतच राहिली. "मुद्दाम? म्हणजे माझ्यासाठी लिहिलास आणि माझ्याच पायात खोडा घातलास? मेल्या!" तिने हातातली पर्स त्याच्या दंडावर सणसणीत हाणली. पुढच्या टेबलावरच्या बायका म्हणाल्या, "आणखी एक दे, सिस्टर." तिने दुसरीही हाणली. मग तिने मांडीवरचा कोट उचलला, पियानोच्या रिकाम्या स्टुलावर टाकला आणि उभी राहिली.

लुशस नाचत होता असं म्हणणं म्हणजे नाचाचा अपमान. फडताळ सरकवावं तसं ती त्याला सरकवत होती. त्याचा उजवा हात तिच्या हातात होता आणि डावा तिच्या पाठीवर, म्हणजे तेही उलटंच. पण सांगणार कोण?

"लुशस."

"काय?"

"पाठीवर काय चाललंय तुझं?"

लुशसने पाहिलं तर डाव्या हाताची बोटं तिच्या झग्यावर दाबली जात होती, आधी तीन, मग चार. "कॉर्ड," तो ओशाळून म्हणाला. "इथे एक फार छान बसतो."

"जे म्हणायचंय ते तोंडाने म्हण. माझी पाठ म्हणजे पियानो नाही."

लुशसने बोटं थांबवली. लोकांसमोर काहीही वाजवणारा माणूस, पण बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. बासची चाल एकदा फिरून पहिल्यावर आली, तेव्हा कुठे त्याच्या तोंडून शब्द फुटला.

"घर खायला उठतं, अर्लीन. कॉफी करतो, ती कडू होते, आणि कडू झाली म्हणून शिव्या द्यायलाही कुणी नाही. तुझ्याशिवाय माझं चालत नाही. घरी चल."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे त्या दिवशी दारातच का नाही म्हणालास?"

"सुचलं नाही. चाल सुचली."

ते आणखी एक गिरकी फिरले. तिकडे होझियाची पंचाईत झाली होती. थांबावं तर नाच मोडतो, न थांबावं तर बोटांची सालं निघतात. "लुशस!" तो शेवटी कळवळून ओरडला. "परत ये रे! फोड आले माझ्या हातांना!"

"गप वाजव!" सगळा हॉल त्याच्यावर खेकसला. अध्यक्षीणबाईंचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

"जायचंय तुला?" अर्लीनने विचारलं.

लुशसने पियानोकडे पाहिलं. झाकण उघडं होतं, पट्ट्या चमकत होत्या. "नाही," तो म्हणाला.

"ब्रदर होझिया!" अर्लीनने हाक दिली. "आणखी एकदा, पहिल्यापासून!" आणि लुशसला म्हणाली, "पायाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. एक, दोन... अरे, डावा! डावा कुठला तेही कळत नाही का? घरी गेल्यावर रोज रात्री जेवण झालं की घोटून घेते तुझ्याकडून."

'घरी गेल्यावर' एवढं लुशसच्या कानांवर पडलं आणि त्याने ब्रॉडनॅक्सपेक्षाही जोरात तिच्या पायावर पाय दिला.